नानांच्या रुपयाची झीज

मिरजेच्या एका गल्लीतल्या कट्ट्यावर पैज लागली ती अशी. नाना मोहोळकरांच्या राणीछाप रुपयाला नाणेतपासणीत अस्सलपणाचा दर्जा मिळाला, तर शेजारच्या गजा टिळेकरनं वांग्यांची माळ घालून हातगाडीत बसायचं आणि नानांनी त्याला मंडईभर "शिळं वांगं घ्या" म्हणत फिरवायचं. नाही मिळाला, तर माळ नानांच्या गळ्यात.

नानांना खरी काळजी वेगळीच. गावात नाणेसंग्रहालय निघालं होतं. तिथं आईच्या नावाची पाटी लावून हा रुपया ठेवायचा, एवढीच इच्छा. पण दर्जा नसलेलं नाणं संग्रहालय घेत नव्हतं.

गजाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. घासलेल्या नाण्याला दर्जा नसतो. टाकसाळीतून निघतानाची झळाळी गेली की गेली. वरून आणलेली चमक म्हणजे म्हाताऱ्याचा कलप. नाना याबाबतीत अगदीच भोळे.

"परीक्षेला जाणाऱ्याला आंघोळ नको का, नाना?" म्हणत गजानं चिंच घेतली आणि काळवंडलेला रुपया लखलखीत करून दिला. नानांनी वर त्याला चहा पाजला.

रविवारी अख्खा कट्टा तपासणी केंद्रात. तिथल्या अस्मा तांबोळीनं रुपया झीजवाचकात ठेवला. हे यंत्र नाण्यावरचे ओरखडे कांद्यासारखे थराथरानं सोलून दाखवतं. कुठला आधीचा, कशानं पडला, कुठल्या हातानं.

"वरचा थर ताजा आहे," अस्मा म्हणाली. "चिंच. हात डावरा."

गजा डाव्या हातानं भडंग खात होता. हात तोंडापाशीच थांबला.

"घासलं की दर्जा जातो," अस्मानं सांगितलं.

नाना गजाकडं वळले. "गज्या, तुला माहीत होतं?"

गजानं भडंगाचा पुडा पाठीमागं लपवला.

"थांबा की," अस्मा म्हणाली. "दर्जा तसाही मिळाला नसता. खाली बघा." पडद्यावर वर्तुळांखाली वर्तुळं उमटली. "वर्षाला एक थर. राख, उजवा अंगठा. शेवटी शेवटी अंगठा थरथरतोय."

नाना पडद्याला नाक लागेल इतके पुढं गेले. "आई. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घासायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही."

"माझ्या चिंचेनं ते पुसलं का?" गजानं विचारलं. इतक्या हळू बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं.

"नाही. तुमचा हात वरवरचा. त्यांचा खोल गेलाय." अस्मानं तिथूनच संग्रहालयाला फोन लावला. दर्जा राहू दे, ते म्हणाले, एका बाईच्या इतक्या दिवाळ्या वाचता येणारं नाणं आम्हाला कुठं मिळणार?

गजाचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे पैज मी जिंकलो."

"जिंकलास," नाना डोळे पुसत म्हणाले. "आता गाडीत बस."

कट्ट्यानंही तोच निकाल दिला. लबाडी केली की डाव उलटा.

त्याच संध्याकाळी मंडईत गाडी निघाली. "शिळं वांगं घ्या, चिंचेनं घासलेलं!" नानांचा आवाज पार टोकापर्यंत. बायका भाव विचारू लागल्या, गजाही ऐटीत माळ सावरत "फुकट, फुकट" म्हणत होता.

मग त्याचं लक्ष गाडीच्या गुळगुळीत कडेकडं गेलं. किती हातांनी झिजली असेल ती? उद्या सगळ्याच वस्तू अशा वाचता यायला लागल्या, तर गल्लीतल्या किती कड्या, किती कुलपं, किती सायकली त्याचं नाव सांगतील?

गजानं डावा हात हळूच खिशात घातला.