नववी जोडी

यातलं काहीही पदरचं घातलेलं नाही. लुबोगनमध्ये जाऊन कुणालाही विचारा. फक्त तरणतलावाच्या आवारात उभं राहून विचारू नका. तिथे कुणी उत्तर देत नाही.

मे महिन्यातला मंगळवार होता. सान इसिद्रोच्या उत्सवाला तीन दिवस राहिले होते. दुपारचे साडेतीन वाजले होते. लख्ख ऊन. फिलिपिन्समधल्या या मास्बाते बेटावर त्या वेळी कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटून पडलेली असतात.

सात महिने बंद असलेला तलाव उघडल्यावरचा तो पहिलाच वर्ग. पाण्यात सोळा मुलं होती.

काठावर मॅडम सेलिंग उभ्या होत्या. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. वय सहासष्ट. एकतीस वर्षं त्यांनी या तलावात कोळ्यांच्या मुलांना फुकट पोहायला शिकवलं. समुद्रावर पोट असलेल्यांच्याच मुलांना पोहता येत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. बाप म्हणायचे, पोहणं काय, आपोआप येतं. वादळाच्या वर्षी कळायचं, कुणाला आलं होतं आणि कुणाला नव्हतं.

मॅडमची एक पद्धत होती. पाण्यात कुणी एकटं उतरायचं नाही. प्रत्येकाला जोडीदार, प्रत्येक जोडीला आकडा. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरायचा, वर करायचा आणि दोघांनी मिळून आपला आकडा ओरडायचा. कुणी बुडत असेल तर आवाज अर्धाच येतो.

सोळा मुलं. आठ जोड्या.

मॅडमनी शिट्टी फुंकली.

"एक!" "दोन!" "तीन!" ...आठपर्यंत सगळे आले.

मॅडम वळणार, तेवढ्यात...

"नऊऊऊ..."

एकच आवाज. घसरगुंडीच्या खालून.

"कोण रे तो वात्रट?"

"आम्ही नाही, मॅडम!"

"जेरिक, तू?"

"मॅडम, मी आठ आहे. मला पुढचं येतच नाही!"

"खरंच येत नाही, मॅडम," त्याची जुळी बहीण जेरिका म्हणाली. "परीक्षेतसुद्धा आठावरच थांबला होता."

सगळी खिदळली. मॅडमनी बोटाने डोकी मोजली. सोळा. सगळी अलीकडच्या दोराला धरून होती. घसरगुंडीकडे कुणीच नव्हतं.

त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली.

एक ते आठ.

मग थोडा वेळ काहीच नाही...

"नऊऊऊ..."

या वेळी कुणी हसलं नाही. घसरगुंडीखालच्या पाण्यावर एक गोल उमटला. पसरत पसरत तो दोरापर्यंत आला. वर केलेला हात नुकताच कुणी खाली घेतला असावा, तसा.

"बाहेर. सगळे बाहेर. पळायचं नाही. चालत."

मुलं निघाली. मॅडम उन्हात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दंडावर काटा आला.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

आकडा असा लांबवणारी वर्गात एकच मुलगी होती. निनफा. काठावरच्या बाकांच्या पत्र्यावरून आवाज परत येतो याची तिला भारी गंमत वाटायची. आधीच्या वर्षी नववी जोडी तिची होती. सप्टेंबरमध्ये तिची जोडीदारीण बापाच्या नोकरीपायी सेबूला गेली आणि निनफा एकटी उरली.

"मॅडम, माझी जोडी?" ती रोज विचारायची.

"देते गं, देते."

ऑक्टोबरमध्ये सुधारणेसाठी तलाव बंद झाला.

"मॅडम, माझी जोडी?"

"तलाव उघडला की पहिली जोडी तुझी लावते."

जानेवारीत निनफा बुडाली. नदीच्या मुखाशी सापडली, असं सगळे म्हणाले. नऊ वर्षांची होती.

सुधारणा मात्र दणक्यात झाली. निळ्या फरशा बसल्या. घसरगुंडी आली. दारात कमान उभी राहिली, तिच्यावर नगराध्यक्षांचा हसरा चेहरा, दरवाजाएवढा मोठा. बांधकामाआधी जागेची परवानगी मागायला इकडे कोंबडीचं रक्त पायाच्या खड्ड्यात ओततात, तसं इथेही ओतलं. पण कमानीच्या पायात. फोटोवाला तिकडे उभा होता म्हणून. जुना गवंडी पुटपुटला होता, "पाण्याला कुणी विचारलंच नाही." त्याला कोण विचारतो!

आणि उथळ बाजूच्या पायऱ्या काढून टाकल्या. घसरगुंडीला खोल पाणी लागतं ना.

"लहान मुलं वर चढणार कुठून?" मॅडमनी तेव्हाच विचारलं होतं.

"शिड्या लावू ना, मॅडम."

शिड्या लागल्या त्या उत्सवाच्या आठवडाभर आधी.

हे 'लावू ना' म्हणणारा नोनितो. गावची मैदानं, सभागृह आणि तलाव बघणारा नगरपालिकेतला अधिकारी. लहानपणी तोही मॅडमकडेच पोहायला शिकला होता. पहिला महिनाभर त्यांच्या गळ्याला मिठी मारून बसायचा.

उत्सवानंतर तलावाला तिकीट लागणार होतं. मॅडम दोन महिने त्याच्या मागे लागल्या, तेव्हा कुठे तो इतकं कबूल झाला: उद्घाटनाला मुलांनी पाहुण्यांसमोर पोहून दाखवायचं, म्हणजे कोळ्यांचा वर्ग आठवड्यातून दोन दुपारी फुकट चालू राहील. नाहीतर बंद.

बुधवारी सकाळी मॅडम त्याच्या कचेरीत गेल्या.

"या मॅडम, बसा. कॉफी सांगू?"

"निनफा कुठे सापडली, नोनितो?"

"कोण निनफा?"

"रुफिनाची मुलगी. सुके मासे विकते ती रुफिना."

"नदीत, मॅडम. सगळ्या गावाला माहीत आहे."

"तिच्या शवपेटीजवळ मी रात्रभर बसले होते. पोरीच्या नखांत पांढरं होतं. मला वाटलं, पीठ असेल. नदीत सिमेंट कुठून आलं रे?"

वर पंखा फिरत होता. नोनितो उठला. त्याने दार लावलं.

मग तो बोलला. जानेवारीत आठवडाभर पाऊस पडला. अर्धवट तलावात पुरुषभर पाणी साचलं. उपसायचा पंप जागेवर नव्हता. नगराध्यक्षांचे सामने होते म्हणून तो बास्केटबॉलचं मैदान कोरडं करायला नेला होता. पोरगी कुंपणाखालून आत शिरली. सराव करायला आली असावी. पायऱ्या नव्हत्या, शिडी नव्हती. भिंतीचा गिलावा गुळगुळीत होता. पहाटे एका कामगाराने बघितलं. गाव उठायच्या आत त्याने आणि नोनितोने तिला ताडपत्रीत गुंडाळून नदीवर नेलं.

"काम थांबलं असतं, मॅडम. चौकशी लागली असती, निधी परत गेला असता. तलाव पुन्हा कधी उघडलाच नसता. मग तुमची पोरं कुठे पोहली असती? तुमच्याच पोरांसाठी केलं मी."

"त्यांना यात ओढू नकोस."

"ठीक आहे. पण शुक्रवारी ती पाण्यात उतरली नाहीत, तर वर्ग गेला. ते माझ्या हातात नाही."

मॅडम दारापर्यंत गेल्या. मागून त्याने हळूच विचारलं,

"तुम्ही... काही मोजलंत का तिथे?"

मॅडम थांबल्या.

"मी कुणाला मोजू देत नाही," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "फरशा लावणारा मोठ्याने मोजत होता. आठपर्यंत आला आणि हत्यारं टाकून पळाला. मजुरी न्यायलासुद्धा आला नाही."

मॅडम तिथून निघाल्या त्या रुफिनाकडे. आईला खरं सांगायचं आणि वर्ग बंद करायचा, असं त्यांनी रस्त्यातच ठरवलं. रुफिना घरी नव्हती. शेजारीण म्हणाली, "ती आता तलावावर असते. नवी टपरी मिळाली आहे ना तिला!" म्हणताना तिने ओठ मुरडले.

खरंच, तलावाच्या आवारात, पाण्याकडे तोंड करून उभी असलेली नवी टपरी तिचीच होती. काल मॅडमनी तिकडे नीट पाहिलंही नव्हतं. रुफिना साखरेत केळी तळत होती.

"रुफिना, मला तुला काहीतरी सांगायचं आहे. मन घट्ट कर."

"मला माहीत आहे, मॅडम."

"काय माहीत आहे?"

"शेवटची अंघोळ मीच घातली तिला. नदीचा वास कुठला आणि साचलेल्या पाण्याचा कुठला, हे आईला कळत नाही होय?"



"मग ही टपरी... नोनितोने दिली?"

"हो. आणि मी घेतली. लोक म्हणतात, पोरगी विकून टपरी घेतली. म्हणू दे. तिकीट लागलं की मला इथे आत कोण बसू देणार होतं? माझं लेकरू इथे आहे."

तिने कढईतली केळी उलटली.

"महिनाभर सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसते. काही नाही, मॅडम. पाणी गप्प. मुलं आली, तुमची शिट्टी वाजली, तेव्हाच ती बोलली." तिने वर पाहिलं. "वर्ग बंद करू नका."

"ती सोळा पोरं कुणाची तरी आहेत, रुफिना."

"माझीही कुणाची तरी होती."



त्या रात्री मॅडमनी पुष्कळ विचार केला. वर्ग बंद केला तर पुढच्या वादळात यातली किती परत येतील? आणि चालू ठेवला तर... तो विचार त्यांनी पुरा केला नाही.

शुक्रवारी बँड वाजला. कमानीवर फुलं चढली. आत जाण्याआधी मॅडमनी मुलांना बजावलं, "आज आकडे ओरडायचे नाहीत. नुसते हात वर करायचे."

मुलं सुरेख पोहली. सगळं पार पडत आलं आणि नगराध्यक्षांनी माईक हातात घेतला.

"मॅडम, ती तुमची जोड्यांची गंमत दाखवा की पाहुण्यांना! आवाज आला पाहिजे, काय पोरांनो?"

पोरं आनंदाने ओरडली. मॅडमनी शिट्टी फुंकली. दुसरं काय करणार होत्या?

एक... दोन... आठ.

लगेच त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली. लांब. छाती फुटेस्तोवर. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

शिट्टी आणि टाळ्या, दोन्हींच्या खालून तो आला.

"नऊऊऊ..."

टपरीवरचा झारा थांबला. नोनितो खुर्ची मागे सारून मागच्या दाराने निघून गेला. पुढे त्याने बाजाराच्या कचेरीत बदली मागून घेतली. तलावासमोरून जातानाही तो रस्ता बदलतो.

वर्ग अजून चालू आहे. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी साडेतीन. प्रत्येक मोजणीनंतर मॅडम बोटाने डोकी मोजतात. दोनदा. नववा आकडा दर वेळी येतो. मुलांनी त्याला केव्हाच खेळ करून टाकलं. मोठी मुलं नव्यांना सांगतात, "ती आपलीच आहे, घाबरू नकोस." मॅडमनाही त्याची सवय झाली होती, आणि सवय झाली याचीच त्यांना लाज वाटायची.

पण काल, मंगळवारी...

शिट्टी वाजली.

"पाच!" "सहा!" "सात!"

मग शांतता.

मॅडम वाट बघत राहिल्या. पाण्याची चुळबुळ तेवढी ऐकू येत होती.

"नऊऊऊ..."

या वेळी आवाज दोन होते. मॅडम कपड्यांसकट पाण्यात शिरल्या. जुळी तिथेच होती, दोराला धरून. हात वर, दात काढून हसत.

"आठ का नाही बोललात?"

"बोललो की, मॅडम! दोघंही ओरडलो!"

"हो मॅडम, ओरडले ते," बाकीचीही म्हणाली. "तुम्ही नाही ऐकलं?"

मॅडमनी दोघांचे दंड घट्ट धरले. जेरिकचा दंड उबदार होता. जेरिकाचा थंडगार. इतका थंड, की त्यांचा हात आपोआप सुटला.

"थंडी वाजते का गं?"

"नाही, मॅडम."

टपरीवर तेल जळत होतं. रुफिना उठून उभी राहिली होती. पाण्याकडे बघत होती... आणि हसत होती.

उद्या गुरुवार आहे. पंधरा घरांत सोळा टॉवेल वाळत पडले असतील. जेरिकाच्या आईने आज बाजारात मॅडमना थांबवून विचारलं, "पोरगी कालपासून गप्प आहे. वर्गात काही झालं का?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पाठवा तिला."