ओटीतले चार दाणे

पेणजवळच्या गडब गावच्या महिपतीने भाताचे भारे रचून नुकतीच उडवी उभी केली होती. तो घाम पुसत खाली उतरतो न उतरतो, तोच आभाळातून एक बाई थेट उडवीवर येऊन आदळली! लाल-पिवळं पॅराशूट सगळ्या खळ्यावर पसरलं. अर्धे भारे जमिनीवर, आणि बाई खुशाल हसतेय.

"सॉरी हं... उतरायचं होतं धरमतरच्या खाडीकडे. वाऱ्याने इकडे आणलं."

"मंग भारे काय वारा रचनार?"

तिने हेल्मेट काढलं. केसांत पेंढा अडकला होता. महिपतीला अजून चार शब्द सुनवायचे होते, पण ते राहूनच गेलं.

ती पुण्याची हेमांगी रानडे, विमानातून उड्या मारणारी. महिपतीची आई बायजाबाई धावत आली ती हळदकुंकू घेऊनच. "नवऱ्याच्या पुण्याईनं वाचलीस गो!" म्हणत तिने ओटीचे तांदूळ-नारळ पुढे केले. हेमांगीला पदर कुठला? तिने पॅराशूटचं टोक पसरलं.

"आये, लगीन नाय झालं तिचं!" महिपती ओरडला.

"तुला कसं ठावं?"

महिपतीचे कान लाल झाले. हेमांगी त्याच्याकडे बघत म्हणाली, "नाहीच झालेलं. पण ओटी घेते... नारळ आवडतो मला."

ओटी घेणारीने त्यातले चार दाणे त्या घरात परत टाकायचे असतात, म्हणजे घरची लक्ष्मी घरात राहते. हेमांगीला हे कोण सांगणार? ती सगळे तांदूळ घेऊन तिला न्यायला आलेल्या जीपमधून गेली, आणि बायजाबाईचं तोंड सुरू झालं ते थांबेचना.

हेमांगी परत आली, भाऱ्यांची माफी मागायला. चार दाण्यांवरून बायजाबाईने तिला तेव्हाच सुनावलं. मग ती अशीच येत राहिली, आणि दाणे आणायचे दरवेळी विसरत राहिली. शेती सांभाळून महिपती जवळच्या कंपनीत कामाला होता; तिथली शिफ्ट संपवून तो अंगणात तिच्या पॅराशूटची घडी घालू लागला.

एकदा ती म्हणाली, "हिमालयातल्या कड्यावरून उडी मारायचीय. आपल्याकडच्या कुठल्या बाईने मारलेली नाही अजून."

"दोरी अडकली तर?"

"तर संपलं."

जाऊ नको, हे महिपतीच्या अगदी ओठांवर आलं. तो म्हणाला, "आयेचे दाने राहिलेत तुमच्याकडं."

"आल्यावर देते."

"म्हंजे यायला लागंल..."

"लागेलच की."

ती गेली. त्यानंतर पेणची एसटी आली की महिपती काहीतरी निमित्त काढून फाट्यावर उभा असे. चहावाला हसायचा. महिपतीला रात्री झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि हे सांगणार कुणाला?

एका दुपारी एसटीतून आधी कुबडी उतरली, मग प्लास्टरमधला पाय, मग हेमांगी.

"उडी?"

"झाली! पाय उतरताना मोडला. खाली उडवी नव्हती ना."

महिपती हसायला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. "लई वाट बघितली तुझी," तो म्हणाला. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, त्याला कळलं नाही.

"मीही रोज आठवण काढली... पण ऐक, उड्या सोडणार नाही मी."

"कोन सांगतंय सोड? उडी कुठनंबी मार. उतरायचं मातर हितं."

दोघं घरापाशी आली. हेमांगीने रुमालाची गाठ सोडली आणि चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"त्याच्या हातावर काय देतेस गो?" बायजाबाई दारातून कडाडली. "आत ये, तुझ्या हातानं तांदळाच्या डब्यात टाक!"

हेमांगीने दाणे परत मुठीत घेतले, आणि महिपतीचा हात धरून उंबरा ओलांडला.