मुका कप्पा

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबत घडली आहे आणि अजून संपलेली नाही. या पानावर लोक रचून लिहितात, मला ठाऊक आहे. मीही वाचते आणि हसते. पण मला रचता येत नाही हो. मला फक्त शिवता येतं.

एक विनंती आहे. शेवटपर्यंत वाचा, आणि वाचलंत तर खाली एक शब्द लिहा. कुठलाही चालेल. माझं सगळं त्याच्यावर अडलंय. का, ते पुढे कळेल.

अमावस्या, मध्यरात्र असलं यात काही नाही. आज मंगळवार. दुपारचे सव्वाचार झालेत. घराच्या मागच्या बाजूला माझी शिलाईची खोली आहे, तिथे बसून मी हे फोनवर लिहितेय. दाराला आतून कडी नाही, बाहेरून कुणी लावलेली नाही.

तरी ते उघडत नाहीये.

पहिल्यापासून सांगते.

मी कपडे शिवते आणि शिलाई मशीनही दुरुस्त करते. आम्हा मशीनवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. अकरा हजार माणसं. दोरा का तुटतो, टाके का सुटतात, पायडल जड का चालतं, असल्या चर्चा. ग्रुप सांभाळायला आम्ही तिघं. एक मी. दुसरे मास्तर, म्हणजे कटिंगचा क्लास चालवणारे एक वयस्कर गृहस्थ. तिसरा लेथवाला, तो दुसऱ्या गावी मशीनचे सुटे भाग बनवतो. मला तिथे सगळे ताई म्हणतात. ताई फार कडक, अशी माझी ख्याती आहे. आहेच मी कडक. विषय सोडून बोललेलं मला खपत नाही.

आणि तिथे होते फूलवाले काका.

लेथवाल्याच्याच गावात, एका बाजाराच्या तळघरात त्यांचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. एके काळी काय माणूस होता! माझं पहिलं जुनं मशीन टाकाच घेईना, तेव्हा या काकांनी तीन दिवस मला एकेक स्क्रू समजावून सांगितला होता. तोही फुकट. "ताई, घाबरू नका, मशीन चावत नाही," असं लिहिलं होतं. माझ्या पोटापाण्याची सुरुवात त्या माणसामुळे झाली, हे मी आज कबूल करते.

मग काकू गेल्या. लेक आणि नातू परगावी, घरात काका एकटेच. तिथून त्यांचं बिनसलंच.

प्रत्येक पोस्टखाली गुलाबाचा एक फोटो टाकायला लागले. तोच फोटो, रोज. खाली एकच ओळ.

"सुप्रभात. आहात ना सगळे?"

कुणी विचारलं, बॉबिन कुठली घेऊ? खाली गुलाब. सुई सारखी का मोडते? गुलाब. संध्याकाळी सात वाजताही सुप्रभात! दिवसाला चाळीस, कधी पन्नास. लोकांच्या नाकी नऊ आले. ज्याला खरंच अडचण होती त्याचा प्रश्न गुलाबांच्या ढिगात सापडेना. आम्ही काकांना तीन वेळा ताकीद दिली. तिन्ही ताकिदींखाली त्यांनी गुलाब टाकले.

मास्तर म्हणाले, "काढून टाकू या."

मी म्हटलं, "नको. नातवाकडून दुसरं खातं उघडून घेतील, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मुक्या कप्प्यात टाका."

मुका कप्पा ही आमची युक्ती. आमची कसली, माझीच. त्यात टाकलेला माणूस लिहू शकतो. त्याला त्याचं लिहिलेलं दिसतं, इतरांचंही दिसतं. पण त्याचं इतर कुणाला दिसत नाही. आपण मुके झालोय हे त्याला कळतच नाही. बोलत राहतो बापडा भिंतीशी. भांडण नाही, तंटा नाही.

बटण मी दाबलं. लेथवाल्याने लिहिलं, "ताईंनी काकांच्या तोंडावर टीप मारली." मी पोट धरून हसले.

नियम असा होता की दर रविवारी कप्पा उघडून वाचायचा, कुणी सुधारला असेल तर त्याला बाहेर काढायचं. पाळी माझी होती. पण तेव्हा माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलं होतं, दोनशे जोड. मान वर करायला फुरसत नव्हती. एक रविवार गेला. दुसराही गेला. आत काय असणार? गुलाबच ना!

तिसऱ्या रविवारी उघडला.

तीनशे बारा पोस्टी. गुलाब, गुलाब, गुलाब. मी चहा पीत बोटाने सरकवत होते...

आणि गुलाब संपले.

"शटर खाली आलंय. आतून उचलत नाही. कुणीतरी या."

"फोन घरी राहिलाय. या टॅबवर नातवाने हा ग्रुपच तेवढा लावून दिलाय. मला दुसरं काही येत नाही."

"बाजार बंद आहे. रस्ता खणलाय. वरून कुणी जात नाही."

"माझं दिसतंय का कुणाला?"

प्रत्येक पोस्टखाली दुकानाचा पूर्ण पत्ता. बॉबिनच्या प्रश्नाखाली पत्ता. सुईच्या प्रश्नाखाली पत्ता. त्या दिवशी मी एक विनोद टाकला होता, गणवेश शिवून शिवून मीच मशीन झालेय, कुणीतरी मला तेल घाला. नव्वद जण हसले होते. त्याच्याखाली काकांनी लिहिलं होतं.

"ताई, तुम्ही तरी. तुम्ही आहात. मला दिसताय."

शेवटची पोस्ट चार दिवसांनंतरची होती. फोटो नव्हता.

"आहात ना सगळे?"

लेथवाल्याला फोन केला. तो तसाच उठून त्या बाजारात गेला. तासाभराने त्याचा फोन आला. बाजार पाचव्या दिवशी उघडला होता. काका शटरला टेकून बसलेले सापडले होते. टॅब मांडीवर होता, वायर लावलेली, चालू.

मास्तर म्हणाले, "पुसून टाका सगळं. झालं ते झालं. माणूस काही परत येत नाही."

मी पुसलं. कप्पा रिकामा केला, काकांचं खातंही काढून टाकलं.

दोन दिवसांनी काकांच्या मुलीने ग्रुपवर विचारलं, "त्या दिवसांत बाबांनी इथे काही लिहिलं होतं का? कुणाशी बोलले होते का? प्लीज सांगा."

मी उत्तर दिलं, "नाही हो. काहीच आलं नव्हतं."

हे मी केलं. मला लाज वाटते. ती पोर रडत असेल आणि मी धडधडीत खोटं बोलले, का तर आपल्यावर यायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप उघडला. मुक्या कप्प्यावर एक आकडा दिसत होता...

१.

मी उघडलं. गुलाब. "सुप्रभात. आहात ना सगळे?"

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, कारण ते खातं राहिलेलंच नव्हतं. त्याचा फोटो काढून मास्तरांना पाठवला.

मास्तर म्हणाले, "ताई, हा फोटो कोरा आहे. आणि कप्पा रिकामा दिसतोय. जरा झोप घ्या."

तेच मास्तरांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

कारण त्यानंतर मला कुणी उत्तर दिलं नाही. मी ग्रुपवर काही लिहिलं की खाली शुकशुकाट. एरवी मी शिंकले तरी पन्नास जण "ताई, जपा" म्हणायचे! एकाने दोरा तुटण्याबद्दल विचारलं, मी सविस्तर उत्तर दिलं. त्याच्या खाली लेथवाला लिहितो, "ताई कुठे गायब आहेत? त्यांनी लगेच सांगितलं असतं."

अहो, मी सांगितलंय की! तुमच्या नाकासमोर आहे!

त्याला फोन लावला. उचलला. मी बडबडत होते आणि तो पलीकडून... "हॅलो? ताई? आवाज येत नाहीये. हॅलो?"

नेटवर्क नसेल, म्हटलं.

पण गुरुवारी जेवताना मी आमच्या ह्यांना सगळं सांगायला घेतलं. हे वायरमन आहेत, डोकं शांत. म्हटलं, यांना तरी सांगून मन मोकळं करू. काकांचं, कप्प्याचं, त्या पोरीशी खोटं बोलले ते, सगळं सांगितलं. रडले. दहा मिनिटं बोलत होते.

ह्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "काय गं, दोन दिवस झाले, तोंडाला कुलूप लावून बसलीयस. रागावलीस का माझ्यावर?"

मी ह्यांचा दंड धरून गदागदा हलवला.

मी ओरडले. हे पाहत राहिले. आमची चिमणी नऊ वर्षांची आहे. ती हळूच म्हणाली, "बाबा, आई नुसते ओठ हलवतेय."

मी कपाटावरचा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, मला वाचवा. ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"कोरा कागद कशाला देतेस?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले. बाहेर पडताना हे चिमणीला म्हणाले, "आईला त्रास देऊ नकोस हं, तिला बरं नाही." माझ्यासमोर. मी तिथे नसल्यासारखे.

काल तर चिमणीने माझ्यासाठी ताटच घेतलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा दचकली. "अगंबाई, आई, तू आहेस होय?" म्हणाली.

मी तेव्हा तिला घट्ट धरायला हवं होतं. मला वाटलं, उद्या धरू.

आज दुपारी दोनला मी या खोलीत आले. दार लोटलं, मशीनला तेल घातलं. सवयीने ग्रुप उघडला. कप्प्यावर आकडा होता तीनशे बारा.

मग उठले, तर दार उघडेना.

पावसाने फुगलं असेल म्हणून खांदा मारला. हलेना. कात्रीने फट उचकटून पाहिली, कात्रीचं टोक मोडलं. खिडकीला गज आहेत आणि बाहेर शेजारच्या घराची भिंत. मी इतकी ओरडले की घसा सोलला. ह्यांना सतरा फोन केले. प्रत्येक वेळी उचलतात, "हॅलो, हॅलो" करतात आणि ठेवतात.

तीन वाजता चिमणी शाळेतून आली. दप्तर टाकल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज आला. "आई? ए आई?"

मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "चिमणे! मी आत आहे! ढकल!"

पावलं दारापर्यंत आली. थांबली.

मग तिचा आवाज आला, अगदी जवळून. फोनवर बोलत होती...

"बाबा, आई घरात नाहीये. तिच्या खोलीचं दार उघडंच आहे. मी आतच उभी आहे. इथे कुणी नाही."

माझ्या डोळ्यांसमोर दार बंद होतं. ट्यूबलाइट चालू होती. खोलीत मी एकटी होते.

पोरगी रडायला लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर माझी मुलगी रडत होती, आणि मला तिचे डोळे पुसता येत नव्हते.

मग हे आले आणि तिला शेजारी सोडून मला शोधायला गेले. आता घर शांत आहे.

म्हणून हे या पानावर लिहितेय. इथे मला कुणी ओळखत नाही. मी इथे कुणाला कधी मुकं केलेलं नाही. वाटलं, कदाचित इथून दिसेल. अर्ध्या तासापूर्वी मी वरचे पहिले दोन परिच्छेद टाकून पाहिले. मला माझं लिहिलेलं दिसतंय. पण ते तर काकांनाही दिसत होतं.

काकांच्या मुलीसाठी इथे लिहून ठेवते. बाई, तुझ्या बाबांनी लिहिलं होतं. चार दिवस लिहिलं. पत्त्यासकट. मीच वाचलं नाही. आणि तुला विचारल्यावर मी खोटं बोलले. मला माफ करू नकोस, पण हे एवढं तुझ्यापर्यंत पोचू दे.

हे लिहिता लिहिता फोन थरथरला.

खाली कुणीतरी उत्तर दिलंय! माझा जीव भांड्यात पडला. मी वर सरकवलं...

गुलाब.

"सुप्रभात, ताई. मी वाचतोय. घाबरू नका. इथे आपण दोघंच आहोत."

अजून कुणी असाल, तर लिहा हो. विषय सोडून लिहा, काहीही लिहा, शिव्या घाला.

फक्त गुलाब टाकू नका.