वर ओढणारी मूठ

हे खरं घडलेलं आहे. मी स्वतः तिथं होतो, आणि माझ्याशिवाय आणखी चार माणसं होती. कुणाला पटवायचं म्हणून लिहीत नाही. नाही पटलं तरी माझं काही म्हणणं नाही.

वेळ रात्रीची नव्हती. रविवार होता, दुपारचे तीन. खिडकीतून चांगलं ऊन आत आलेलं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि वर माझ्या पुतणीच्या दोन खोल्या. तिथं ती व्हिडिओ गेमची यंत्रं बनवते.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती दीड वर्षाची असताना भाऊ गेला. ती माझ्याच घरात वाढली. एकसष्टाव्या वर्षी मला अक्षरं तिनं शिकवली. पाटी-पेन्सिल घेऊन, कान धरायच्या गमती करत. आज मी हे लिहू शकतो ते तिच्यामुळे.

म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

तिनं एक नवा कंट्रोलर बनवला होता. बटणं नाहीत, दांड्या नाहीत. नुसती एक गोल लाकडी मूठ, वीतभर लांब. ती धरून हात हलवायचा, की पडद्यावर तसंच हलतं. आत हालचाल ओळखणारी नखाएवढी चकती आणि एक छोटी बॅटरी. थरथरणारी मोटारही तिनं घातली नव्हती.

हे लक्षात ठेवा. आत असं काहीही नव्हतं, जे हाताला ओढू शकेल.

लाकूड तिनं माझ्याकडे मागितलं होतं. "काका, जुनं, मुरलेलं बघा. घाम लागला तरी फुगायला नको."

मी उभा जन्म लाकडाच्या वखारीत काढला. यंत्रात न मावणारे ओंडके आम्ही दोघं भाऊ हातानं कापायचो. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा. भाऊ त्याच्यावर उभा, मी खाली. मधे माणसापेक्षा लांब करवत. तिला वर एक मूठ, खाली एक. तो वर ओढायचा, मी खाली ओढायचो. भुसा सगळा माझ्या डोक्यावर आणि खांद्यावर.

या कामाला एक नियम होता.

थांबायचं असलं तर आधी म्हणायचं, "सोडतो." पलीकडून "सोड" असं आल्याशिवाय बोट सैल करायचं नाही. वरचा माणूस मागं रेलून ओढत असतो. खालची मूठ अचानक सुटली तर त्याला धरायला काही उरत नाही.

करवत पुढं मोडीत गेली. मुठी मी काढून ठेवल्या. वर्षानुवर्षं, जुन्या सदऱ्यात गुंडाळून. पुतणीनं लाकूड मागितलं तेव्हा मी त्याच दिल्या. कशाच्या आहेत ते बोललो नाही. बापाच्या हाताचं काहीतरी लेकीच्या हाती जावं, एवढंच मनात होतं.

पण मी नुसती एक दिली नाही. दोन्ही दिल्या. माझीसुद्धा.

तिला नेहमी एकच मूठ हाताला बसायची. बापाची. वर्षभर ती त्याच मुठीवर काम करत होती आणि कधी काही झालं नाही. त्या रविवारी त्या मुठीची बॅटरी उतरली. तिनं ती फळीवर ठेवली आणि दुसरी, माझी, पुढं केली.

खेळायला दोघंजण आले होते. दोघंही गेममधले मुरलेले. मूठ पहिल्यांदा हातात आल्यावर ते काय बोलतात, ते कॅमेऱ्यात घ्यायचं होतं. बुधवारी कारखान्याचे लोक येऊन तेच बघणार होते. ते पसंत पडलं तर यंत्र निघणार, नाहीतर तिची चार वर्षं पाण्यात.

पहिला आला तो टोपीवाला. कुरिअरचं काम करायचा. तोंडाला विश्रांती नाही.

"हे काय, लाटणं?"

"कंट्रोलर आहे," पुतणी म्हणाली.

"बटण?"

"नाही."

"एकपण नाही? मग हरल्यावर राग कशावर काढायचा, ताई?"

पुतणीबरोबर काम करणारा चष्मेवाला कॉम्प्युटरमागून हसला. पडद्यावर धुकं होतं आणि धुक्यात होडी. मूठ म्हणजे वल्हं. टोपीवाल्यानं हात मागं घेतला...

आणि गप्प झाला.

"मोटार जबरी टाकलीय," तो थोड्या वेळानं म्हणाला. "वर ओढतंय."

"मोटार नाहीये त्यात."

"मला नका शिकवू. वीस वर्षं खेळतोय. हे बघा... आता. आता परत."

त्याचा हात वर गेला. थांबला. त्यानं तो खाली आणला. पुन्हा वर गेला.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. तो ठेका मला माहीत होता.

खेळ संपल्यावर त्यानं डोकं खाजवायला टोपी काढली. टोपीवर पिवळट काहीतरी होतं. खांद्यावरही. त्यानं फुंकर मारली.

"वर काही काम चाललंय का तुमच्या?"

वर नुसती गच्ची होती. आणि गच्चीला कुलूप.

दुसरी आली ती नर्स. बारीक अंगाची, कमी बोलणारी. रात्रपाळी करून आली होती तरी डोळे टवटवीत. तिनं मूठ धरली आणि पडद्याकडे बघायचंच सोडून दिलं. ती वर बघत होती.

"कसं वाटतंय?" पुतणीनं विचारलं.

"पलीकडे कुणीतरी आहे."

"म्हणजे दुसरा खेळाडू असल्यासारखं?"

"नाही. पेशंट हात धरतात ना, तसं." ती थांबली. हात वर गेला, खाली आला. "ओढ सरळ नाही. शेवटाला बारीक हिसका बसतोय. कळला? याचं मनगट कधीतरी मोडलेलं असणार. नीट जुळलेलं नाही."

टोपीवाला हसायला गेला. मग हसला नाही.

भावाचं मनगट नवव्या वर्षी मोडलं होतं. झाडावरून पडून. ही गोष्ट त्या खोलीत मला सोडून कुणाला माहीत नव्हती. पुतणीलाही नाही.

"आवाज कमी करा जरा," नर्स म्हणाली.

"आवाज बंदच आहे," चष्मेवाला म्हणाला.

सगळे ऐकू लागले.

खर्र...

खर्र...

भिंतीतून नाही, खालच्या दुकानातून नाही. अगदी डोक्यावरून. आणि ओल्या लाकडाचा वास. कापताना येतो तो.

नर्सनं मूठ ठेवली. पण ठेवायच्या आधी तिनं काय केलं ते मी बघितलं. तिनं वर बघून हळूच विचारलं, "सोडू का?" क्षणभर थांबली. मान हलवली. मग ठेवली.

"कुणाला विचारलंत?" टोपीवाल्यानं विचारलं.

"काय माहीत. विचारावंसं वाटलं."

चष्मेवाल्यानं पुतणीला जवळ बोलावलं. मुठींच्या हालचालीच्या रेघा दाखवत तो कुजबुजत होता, पण खोली एवढीशी. सगळं ऐकू आलं.

"ही रेघ या मुठीची. ही खाली जाते तेव्हा ही दुसरी वर जाते बघ. बरोब्बर उलटी."

"दुसरी कुणाची?"

"फळीवरच्या मुठीची."

"तिची बॅटरी मेलीय."

"मला माहितेय. मीच काढलीय बाहेर."

फळीवर ती मूठ होती तशी पडलेली. जरासुद्धा हलत नव्हती. कॉम्प्युटरवर तिची रेघ मात्र वर चढून थांबली होती. कुणीतरी ओढून धरलंय आणि खालच्याची वाट बघतंय... अशी.

मी उठलो.

"काका, तुम्ही खेळणार?" पुतणी हसली. भेदरलेलीच होती, पण मला बघून हसली. "या. कॅमेरा चालू आहे हं, केस नीट करा."

मी मूठ धरली. माझ्या अंगठ्यानं लाकडात पाडलेली खाच अजून होती. अंगठा आपोआप तिच्यात बसला.

लगेच ओढ आली.

मी खाली ओढलं. ती वर. मी खाली. शेवटाला तो हिसका. माझ्या पंच्याहत्तर वर्षांच्या दंडांना छत्तीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. मानेवर काहीतरी मऊ पडत होतं. मला बघायची गरज नव्हती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पुतणी म्हणाली नंतर, अर्धा तास. हात भरून आले. मग मला समजलं की मी थांबूच शकत नाही. थांबायचं तर नियमानं थांबावं लागणार.

"सोडतो," मी म्हणालो.

...

काही नाही.

"सोडतो रे."

ओढ तशीच. घट्ट. मागं रेलून धरल्यासारखी.

"काका, कुणाशी बोलताय?"

तेव्हा मी तिला सांगितलं. मूठ हातात, पाठ तिच्याकडे. तोंड दाखवायची छाती नव्हती.

भाऊ गेला त्या दिवशी सकाळी वखारीच्या दारावर एक नोटीस लागली होती. भावानं ती सगळ्यांसमोर वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आमच्या अंगठेबहाद्दराला चित्र काढून दाखवा." सगळे हसले. तोही मनापासून हसला, त्यात वाईट काही नव्हतं. रोजचीच थट्टा. पण मला ती त्या दिवशी लागली. दुपारी कापताना तो वरून पुन्हा काहीतरी बोलला आणि हसत हसत ओढू लागला.

मी मूठ सोडली. काही न म्हणता.

त्याचा तोल जावा, त्यानं चार पावलं धडपडावं, आणि यावेळी लोकांनी त्याला हसावं, एवढंच होतं माझ्या मनात. तो मागच्या मागं गेला. मागं फळ्यांची थप्पी होती.

कारकुनानं कागद केला. मोठ्यानं वाचून दाखवला. 'काम करताना मृताचा हात सुटला.' मी ऐकलं आणि अंगठा दिला.

"तुझ्या बापाचा हात सुटला नव्हता, पोरी," मी म्हणालो. "मी सोडला होता."

डोक्यावरचा आवाज थांबला.

ओढ मात्र होती.

"सोडतो," मी तिसऱ्यांदा म्हणालो. उत्तर आलं नाही. माझी बोटं उघडत नव्हती. मी उघडत नव्हतो की ती उघडत नव्हती, देव जाणे.

पुतणी जवळ आली. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. आधी करंगळी. मग तिच्याजवळचं. शेवटी अंगठा खाचेतून निघाला...

आणि मागं धप्प आवाज झाला.

फळीवरची मूठ खाली पडली होती. फळीच्या कडेपासून चांगली हातभर आत होती ती. घरंगळली असती तर आधी आवाज आला असता. ती पडली ती पाठीवर माणूस पडतो तशी, एकदम.

पुतणीनं ती उचलली, ओढणीनं पुसली आणि छातीशी धरली. मग कॅमेरा बंद केला.

"काका, तुम्ही घरी जा."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ती आता माझ्याकडे येत नाही. पहिल्या महिन्यात एकदा फोन आला. "मला वेळ लागेल," म्हणाली. मी बरं म्हटलं. छत्तीस वर्षं मी घेतली, तिनं थोडी घेतली तर काय बोलायचं?

कारखान्याच्या लोकांना ते यंत्र आवडलं. चष्मेवाला मधूनमधून मला भेटतो, त्यानं सांगितलं. आता ती मूठ प्लास्टिकची निघते. साच्यातून, हजारोंनी. लाकडाचा कण नाही तिच्यात. माझ्या दोन्ही मुठी पुतणीनं कुठं ठेवल्या ते त्यालाही माहीत नाही.

यावर मी निर्धास्त व्हायला हवं होतं.

पण लोक व्हिडिओ टाकतात. पहिल्यांदा मूठ हातात घेतल्याचे. मी फोनवर बघत बसतो. कुठले कुठले लोक, कुणाची भाषासुद्धा समजत नाही. आधी सगळे हसतात. उलटीसुलटी करतात, बटण शोधतात. मग हात मागं घेतात आणि...

गप्प होतात.

सगळ्यांचं होतं असं नाही. शंभरात एखाद्याचं. तो वर बघतो. खांदा झटकतो, काहीतरी पडल्यासारखा. हात वर जातो, खाली येतो. आणि शेवटी, कुणी शिकवलेलं नसताना, तो वर बघून काहीतरी विचारतो. भाषा कुठलीही असो, मला कळतं काय विचारतोय ते.

मग तो थांबतो. मीही इथं श्वास रोखून थांबतो.

मला काही ऐकू येत नाही. पण तो मान हलवतो, आणि हलकेच मूठ खाली ठेवतो.

त्यांना उत्तर मिळतं. सगळ्यांना मिळतं.

मी रोज एकदा म्हणतो. दार लावून, रिकामी मूठ वळून. सोडतो रे.

हात अजून वर ओढला जातो.