गार विळा

मंद्रूपच्या बाजारात मथुरा गेली होती भेंडी घ्यायला आणि घेऊन बसली भांडण!

घोंगड्यांच्या ढिगापाशी ही गर्दी. मधोमध दीड वर्षाचं पोर घोंगडीत गुंडाळलेलं, डोळे पांढरे, हातपाय ताठ. कुणी नाकाशी कांदा धरलेला, कुणी चप्पल. आणि एक उंचापुरा गडी पोराच्या तोंडात स्वतःचं बोट घालून बसलेला.

"व्हा बाजूला! नर्स आहे मी. आधी ती घोंगडी काढा!"

"ताप हाय त्याला," गडी म्हणाला. "गार लागंल की."

"ताप आहे म्हणूनच काढा. आणि बोटही काढा."

"जीभ चावंल न्हवं..."

"जिभेला काही होत नाही. तुमच्या बोटाचं मात्र भरीत झालंय."

तिनं पोराला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पुसली आणि घड्याळाकडं बघत बसली. लोक म्हणाले, ही बया काहीच करीना! दोन मिनिटांनी झटके थांबले आणि पोरानं भोकाड पसरलं. तिनं त्याला आईसकट सोलापूरला डॉक्टरांकडं धाडलं. मग त्या रक्ताळलेल्या बोटाकडं वळली, तर गडी तिच्याकडंच बघत होता. टकामका!

तो बिरप्पा. धनगरवाड्यातला, घोंगड्या विकणारा. पोर त्याच्या बहिणीचं, चिमाचं. बोट आठवड्यात बरं झालं, पण बिरप्पा महिनाभर तिच्या आरोग्य उपकेंद्रात पट्टीला येत राहिला.

"जखम भरली तुमची."

"आतनं ठणकतंय, नर्सबाई."

"बोटाच्या आत काय असतं ठणकायला?"

"ते तुमी शिकलाय. मी काय... मेंढरामागं हिंडणारा."

मथुराला हसू आलं आणि हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला. तिला गावात 'तिखट नर्स' म्हणत आणि तिला ते नाव आवडायचं.

एक दिवस फळीवरचा कापसाचा डबा काढायला तो उंच झाला. सदरा वर सरकला. बेंबीशेजारी तीन काळे वण...

"हे काय?"

"डाग. ल्हानपनी मलाबी असंच झटकं यायचं. आयेनं विळा तापवून दिलं. आमच्या घरात समद्यांनाच हायत."

मथुराच्या हातातली पट्टी गळून पडली. "आणि चिमाच्या पोराला?"

"पुन्ना झटका आला की द्याचा, म्हंती आये."

"तुम्ही बघत बसणार?"

तो खाली बघू लागला. "आयेपुढं कोन बोलनार..."

"मग ऐका. लेकराला चटके देताना जो माणूस गप्प बसतो, त्याच्याशी मी हसूनसुद्धा बोलणार नाही. उद्यापासून येऊ नका!"

दार आपटलं खरं, पण दाराआड तिला रडू कोसळलं. मेला आवडत होता, हेच तर दुखणं होतं!

बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी चिमा धापा टाकत आली. "नर्सबाई, पोराला पुन्ना... आन आयेनं विळा चुलीत घातलाय!"

मथुरा ओचा खोचून धावली. धनगरवाड्यात शिरली आणि दारातच थबकली.

पोर जमिनीवर कुशीवर निजवलेलं. अंगात कपडा नाही, नाकाशी कांदा नाही, तोंडात बोट नाही. ते कण्हत होतं, झटके थांबलेले. त्याच्या पुढ्यात बिरप्पा मांडी ठोकून बसलेला. आणि समोर त्याची आई निंगव्वा, हातात लालभडक विळा.

"सर बाजूला!"

"न्हाय सरत, आये."

"दोन लेकरं गेली रं माजी! डाग दिला म्हनून तू ऱ्हायलास!"

"मी ऱ्हायलो." बिरप्पा म्हणाला. "पर त्या दोगांनाबी डाग दिलंच व्हतं की, आये."

बिरप्पानं सदरा वर केला. "द्याचाच आसंल तर चवथा मला दे. ह्येला न्हाय."

निंगव्वाचा विळ्याचा हात खाली आला. त्यानं उठून तो हात धरला, विळा काढून घेतला आणि बादलीत बुडवला. चर्र झालं. म्हातारी मटकन खाली बसली आणि त्या दोघांची नावं घेऊन रडू लागली. चिमानं तिला कवेत घेतलं.

मथुरानं पोराचा ताप बघितला, नाडी बघितली, साध्या पाण्यानं अंग पुसलं. तिचे स्वतःचे डोळे पुसायला मात्र तिला हात सापडेना.

बिरप्पानं बादलीतला विळा काढून तिच्यापुढं धरला. "गार हाय. घिऊन जावा. ह्या घरात नगं आता." मग हळूच, "...आता तरी हसून बोलशीला का?"

"आधी पोराला दवाखान्यात न्यायचं," मथुरा म्हणाली, पण विळा तिनं घेतला.

"न्या की," डोळे पुसत निंगव्वा करवादली. "आन म्या शेरडांना पाला कशानं कापू?"

"नवा आणून देते," मथुरा म्हणाली. बिरप्पाकडं बघून तिनं हनुवटी वर केली. "पण नर्स म्हणून नाही हां... सून म्हणून देईन."

बिरप्पाचं तोंड उघडंच राहिलं.

"यव्वा!" निंगव्वा ताठ झाली. "तू आमच्यातली न्हाईस, पोरी."

"नाही. आणि तरी येणार."

म्हातारीनं तिला खालून वर न्याहाळलं. मग लेकाच्या पोटाकडं बघितलं, नातवाच्या कोऱ्या पोटाकडं बघितलं आणि पदरानं नाक पुसलं.

"बरं," ती म्हणाली, "तवर पाला हातानं तोडते."