खलफानचा झेंडा

"तू शिडी धरलीयेस की शिडीने तुला धरलंय?" वरून हज्जाने विचारलं.

"दोन्ही," खालून धियाब म्हणाला. "तू पडलास तर मी आधी पळणार. सांगून ठेवतो."

ध्वजदिन उद्यावर आला होता. सकाळी बरोबर अकराला साऱ्या अमिरातीत एकाच वेळी झेंडे चढणार होते आणि समुद्रकाठच्या घुबैब गावात सभागृहाला पताका लावायचं काम या तिघांनी अंगावर घेतलं होतं. शाळेला सुट्टी, त्यामुळे घरात बसून तरी काय करायचं? तेरा वर्षांचा हज्जा, आठ वर्षांचा धियाब आणि बारा वर्षांची घाया. घाया आणि धियाब सख्खी भावंडं, हज्जा त्यांचा चुलतभाऊ.

घाया मात्र पताकांजवळ नव्हती. भिंतीलगतच्या काचेच्या टेबलाशी ती कधीची उभी होती. टेबलावर तिच्या मोठ्या भावाचा, खलफानचा फोटो होता आणि आत काचेखाली घडी घातलेला झेंडा. तटरक्षक दलाचा गणवेश, टोपी जराशी तिरकी. दोन वर्षांपूर्वी वादळात सापडलेल्या मासेमारांना वाचवताना तो गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या जनाज्यावर पांघरलेला झेंडा नंतर घडी करून यम्माच्या, म्हणजे आईच्या, हातात दिला गेला. चार दिवसांपूर्वी सभागृहाचे व्यवस्थापक जुमआ काका तो प्रदर्शनासाठी मागायला घरी आले, तेव्हा यम्मा आधी नाही म्हणाली, पण शेवटी तिने तो दिला.

"हज्जा, खाली ये," घाया म्हणाली. "हा आपला नाही."

"काय आपला नाही?"

"झेंडा. आपल्या झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर मेंदीचा ठसा आहे. यात नाहीये."

खलफान गेला त्या दिवशी मावशीच्या मुलीचं लग्न होतं. यम्माने पहाटेच हातांवर मेंदी लावली होती. निरोप आला तेव्हा ती धुवायचंही भान कुणाला राहिलं नाही. नंतर तिने जनाज्यावरचा झेंडा घट्ट धरला आणि अंगठा त्यावर उमटला.

"घडी उलटी घातली असेल," हज्जा म्हणाला. पण त्याच्याही कपाळाला आठी पडली होती. झेंडा फारच कोरा दिसत होता. काचेला कुलूप होतं, मात्र टेबलाचा तळही काचेचाच होता. धियाब विचारायची वाट न बघता पोटावर सरपटत खाली घुसला.

"इथे शिवणीत चिठ्ठी आहे. कारखान्याचं नाव आहे. आणि साल."

"कुठलं साल?"

"यंदाचं."

तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा वाजवत जुमआ काका आत आले. "काय रे, टेबलाखाली काय हरवलं?"

"झेंडा," खालून आवाज आला.

"समोर तर आहे. ऊठ, कपडे मळतील."

हज्जा भांडायलाच निघाला होता. घायाने त्याच्या पायावर पाय दिला आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "काका, किल्ली तयार ठेवा. संध्याकाळी यम्मा येणार आहे."

"कशाला?"

"दर गुरुवारी ती झेंडा मांडीवर घेऊन बसते. वास घेते त्याचा. आज गुरुवार ना."

यम्मा येणार, हे घायाने पदरचं घातलं होतं. बाकी सगळं खरं होतं. जुमआ काका जवळच्या खुर्चीवर बसले. किल्ल्या हातातून घसरून मांडीवर पडल्या.

"डाग दिसला," ते म्हणाले. "पाहुणे येणार, डागाळलेला झेंडा कसा ठेवायचा? म्हणून लाँड्रीत दिला. त्यांनी कडक साबण वापरला. लाल रंग पांढऱ्यावर उतरला. मी घाबरलो रे. तो जुन्या झेंड्यांच्या पोत्यात टाकला आणि नवा आणला. म्हटलं, झेंडा तो झेंडाच. सगळ्यांचा एकच तर असतो."

"सगळ्यांचा एकच असतो," घाया म्हणाली. "पण तो आमच्या घरातला होता, काका. तुम्ही विचारायचं होतं."

"पोती कुठेयत?" हज्जाने विचारलं.

"बंदरामागच्या गोदामात. दोन वाजता ट्रक निघतो. कारखान्यात नेऊन त्यांचा भुगा करतात."

घड्याळात पावणेदोन झाले होते. जुमआ काका गाडीची किल्ली शोधेपर्यंत तिघं सायकलींवर होती, धियाब हज्जाच्या मागे. बंदराचा रस्ता सरळ वाऱ्याच्या तोंडावर. घायाच्या डोळ्यांत वाळू जात होती, पण ती पुसायलाही थांबली नाही.

ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. गुल जमान हा म्हातारा पठाण ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. "बाजूला व्हा, बच्चे. मला पाचच्या आत पोचायचंय."

घायाने एका दमात सगळं सांगितलं. गुल जमान ऐकत राहिला.

"खलफान? कॅप्टन मुबारकच्या बोटीवरचा?" त्याने इंजिन बंद केलं. "पोती अकरा आहेत. आधी ताडपत्री अंथरू. झेंडे जमिनीला लागायला नकोत."

मग एकेक पोतं सोडायचं, एकेक झेंडा उलगडायचा, बघायचा, पुन्हा घडी घालायची. वाऱ्याने कडा फाटलेले झेंडे, उन्हाने लालाचे फिकट गुलाबी झालेले झेंडे. मासळी बाजाराचा एक होता, त्याला अजून खवले चिकटले होते.

"हा आपल्या शाळेचा," धियाब म्हणाला. "इथे मीच शाई सांडली होती. सांगू नका."

एरवी हज्जाने त्याला सोडलं नसतं. आज तो नुसताच हसला आणि पुढचा झेंडा उचलला. नवव्या पोत्यात घायाचे हात थांबले. पांढऱ्या पट्ट्यावर लालसर ओघळ होते आणि काठाशी, ओघळांच्या खाली, फिकट तपकिरी अंगठा.

तिने झेंडा नाकाशी नेला. साबणाचा वास आला. दुसरा कुठलाच नाही. तेव्हा ती ताडपत्रीवर मटकन बसली आणि रडू लागली. गुल जमानने तोंड समुद्राकडे फिरवलं.

"उदाचं अत्तर शिंपडू या," हज्जा हळूच म्हणाला. "घरात तोच वास असतो. काकूला कळणार नाही."

"आणि मग आपल्यात नि जुमआ काकांत फरक काय?" घाया डोळे पुसत उठली.

घरी यम्मा अंगणातल्या चटईवर बसली होती. गाडीची किल्ली सापडलीच नाही म्हणून जुमआ काका मागून पायीच धापा टाकत आले आणि दाराबाहेरच थबकले. घायाने झेंडा यम्माच्या मांडीवर ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. अत्तराचंही.

यम्माने ठशावर अंगठा टेकवला. झेंडा तोंडाशी नेला.

"साबण," ती म्हणाली.

"वास गेला, यम्मा. आम्ही उशिरा पोचलो."

"वास तर गेल्या वर्षीच गेला होता गं." यम्माने घायाला जवळ ओढलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. दर गुरुवारी मी उगीचच नाक लावून बसायचे." मग ती दाराकडे बघून म्हणाली, "जुमआ, बाहेर का उभा? आत ये. कॉफी घे."

जुमआ काकांनी कॉफी एका घोटात संपवली. रिकामा कप हातात धरून ते एवढंच म्हणाले, "उम्म खलफान, माफ कर." खलफान गेल्यावरही गाव तिला खलफानची आई म्हणूनच हाक मारत होतं. तिने त्यांच्या कपात पुन्हा कॉफी ओतली.

दुसऱ्या दिवशी अकराला सभागृहासमोर झेंडा चढला. गाव सगळं जमलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच यम्माही आली, कडेवर बाळ घ्यावं तसा तो रंग ओघळलेला झेंडा घेऊन. जुमआ काकांनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. मग कॅप्टन मुबारक पुढे आले. पांढरी दाढी, भारदस्त आवाज.

"आमच्या दलात शोधाला निघालेली बोट हात हलवत परत आली तर कुणाला झोप लागत नाही," ते म्हणाले. "ही तीन पोरं आमच्यातलीच आहेत. सांगा, काय बक्षीस देऊ?"

"बोटीतून फेरी," धियाब लगेच म्हणाला. हज्जाने मान डोलावली.

"आणि तू?"

घायाने खाली बघितलं. "त्या दिवशी काय झालं ते सांगा. घरात कुणी बोलतच नाही."

कॅप्टननी यम्माकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"तिघांना त्याने बोटीवर चढवलं," कॅप्टन म्हणाले. "चौथा लांब होता, तुझ्या हज्जाएवढा पोरगा. लाट उंच होती. मी म्हटलं, खलफान, थांब. तो म्हणाला, 'कॅप्टन, लहान आहे हो तो.' आणि उडी मारली."

"तो मुलगा वाचला?"

"नाही, बेटा. दोघंही एकत्रच सापडले. खलफानने त्याला सोडलं नव्हतं."

गर्दी पांगू लागली होती. वर झेंडा वाऱ्यावर फडफडत होता. घायाला वाटलं, यम्मा आता उठेल आणि घरी चल म्हणेल. पण यम्मा सभागृहाच्या पायरीवर बसली, झेंडा मांडीवर घेतला आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"असं नको, कॅप्टन," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. सकाळी तो बोटीवर आला तेव्हापासून."

कॅप्टन मुबारकनी टोपी काढली आणि ते पायरीवर बसले.