तिसरी पायरी

रामली पहिल्याच दिवशी पाण्यात पडला, आणि तोही बारा पाहुण्यांच्या देखत.

नदीला पूर होता. तो दरवर्षीच येतो. चाऊ गियांग गावातली घरं उंच खांबांवर उभी असतात, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. सारीपाच्या जिन्याच्या अकरा पायऱ्यांपैकी वरच्या चारच कोरड्या उरल्या होत्या आणि सहलीची होडी थेट जिन्यालाच येऊन लागली होती. नवा वाटाड्या रामली ऐटीत उतरला, पाहुण्यांकडे वळून हसत काहीतरी म्हणाला, आणि नेमका वरून तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला. त्या पायरीचा एक खिळा कधीचाच गेलेला. घरातलं मांजरसुद्धा ती ओलांडून जायचं. मागावर बसलेली सारीपा "अहो, ती—" एवढं म्हणेपर्यंत फळी कलंडली.

आधी त्याची पांढरी टोपी वर आली, मग तो.

सारीपाला हसू आवरेना. तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. रामलीने तोंडावरचं पाणी निपटलं आणि तिच्याकडे बघत चाम भाषेत, म्हणजे पाहुण्यांना कळणार नाही अशा बेताने, म्हणाला, "आमच्यात पाहुण्यांचं स्वागत असंच करतात, असं सांगितलंय त्यांना. आता रोज पडावं लागणार."

दारात जाळं सांधत बसलेल्या इद्रीसने, सारीपाच्या वडिलांनी, मान वर केली नाही. "घरच्यांना ती पायरी ठाऊक आहे," ते म्हणाले. "परका कोण, ते तीच सांगते."

"मग दुरुस्त कधी करणार, काका?"

"पाणी उतरल्यावर. ओल्या लाकडात खिळा धरत नाही."

इद्रीसची सगळीच कामं पाणी उतरल्यावर व्हायची.

रामलीही या गावासारखाच चाम जमातीचा, पण दूर सायगाव शहराच्या गल्लीत वाढलेला. वडील लहानपणीच गेले, आईने शिवणकाम करून वाढवलं. आपल्या माणसांचं गाव त्याने पाहिलं ते सहलीची नोकरी लागल्यावर. सहल तीन तासांची. खाली मासे पाळलेली तरंगती घरं, मग मशीद, मग सारीपाचा माग. मागापाशी वीस मिनिटं. त्यातली अठरा पाहुण्यांची; पाहुणे तिने विणलेले लुंगीसारखे सारोंग अंगाला लावून फोटो काढण्यात गुंतले की उरलेली दोन रामलीची.

एवढ्याशा दोन मिनिटांत काय होतं, असं कुणालाही वाटेल. पण रोजची दोन, अशी दीड महिना...

त्याच्या चुका काढणं हे सारीपाचं आवडतं काम झालं. कापडाला काळा रंग चिखलाने येतो, असं त्याने पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, तेव्हा ती धोटा न थांबवता म्हणाली, "चिखल तुमच्या सायगावात. हा रंग झाडाच्या फळाचा आहे."

"मग उद्या फळ दाखवाल?"

"उद्या दुसरं काहीतरी चुकवा, म्हणजे दाखवीन."

तो दुसऱ्या दिवशी चुकला. मुद्दामच चुकला, हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं. तिने काळंभोर फळ त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटाला बोट लागलं नाही. इद्रीस दारातच होते. पण दिवसभर तिच्या हातून धागे तुटत राहिले.

एक वाक्य मात्र तो कधीच चुकायचा नाही. 'आमच्यात मुलगी सासरी जात नाही. नवरदेवालाच वाजतगाजत तिच्या घरी नेऊन सोडतात.' परक्या भाषेतलं ते वाक्य ऐकून ऐकून सारीपाला पाठ झालं होतं.

"हे सांगताना माझ्याकडे का बघता?" तिने एकदा विचारलंच.

"मागाकडे बघतो."

"माग डावीकडे आहे."

त्याचे कान लाल झाले. इद्रीस उगाचच खाकरले.

पाणी उतरू लागलं तसा मलेशियाहून मावशीचा निरोप आला. तिकडे एक स्थळ होतं. कपड्यांचं दुकान, माणसं सालस, आणि मुख्य म्हणजे मुलगी तिकडे पाठवायची होती. इद्रीस दोन दिवस जाळंच सांधत बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "जावई घरी आणायची रीत ज्यांच्या घरात काही आहे त्यांच्यासाठी. इथं काय आहे? तुझ्या आईचा माग आणि मी." सारीपाची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. सारीपा ताटं उचलू लागली, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे निकाल पुढे ढकलला. दहावी पायरी पाण्याबाहेर आली की होकार कळवायचा.

तेव्हा वरून सहावी पायरी नुकतीच पाण्याबाहेर आली होती.

दुसऱ्या दिवशी रामली ते वाक्य सांगून मोकळा झाल्यावर सारीपा खालच्या मानेने म्हणाली, "उद्यापासून हे सांगू नका. खोटं ठरतंय." आणि दोनच वाक्यांत तिने सगळं सांगून टाकलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. "आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला कुणी विचारलेलं नाही."

"मी विचारतोय."

धोटा तिच्या हातात होता. उत्तर जिभेवर होतं. इतकी वर्षं जीभ तलवारीसारखी चालायची, आणि आत्ताच मेली... "पाहुणे बोलावतायत तुम्हाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी होडीतून भलताच वाटाड्या उतरला. रामली रजा टाकून सायगावला गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर सारीपा रोज सकाळी आधी जिना बघायची. सातवी पायरी. आठवी. नवा वाटाड्या सगळं बरोबर सांगायचा, रंगसुद्धा फळाचा सांगायचा. तिला त्याचा इतका राग यायचा की बिचाऱ्याला कारणही कळायचं नाही. त्याच्यापेक्षा जास्त राग स्वतःचा. विचारलं होतं त्याने. सरळ विचारलं होतं. आपणच त्याला पाहुण्यांकडे पिटाळलं.

नववी पायरी आली. आणि एका सकाळी दहावी, चिखलाने माखलेली.

इद्रीस टोपी घालून निघाले. मावशीला फोन करायला शेजारी जायचं होतं. सारीपा दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, नको म्हणून कळवा."

इद्रीस जागीच थबकले. "त्या वाटाड्यासाठी? बारा दिवस तोंड दाखवलं नाही त्याने."

"माहीत आहे."

"तो आलाच नाही तर?"

"तर नाही आला." ती दारातून हलली नाही. "मी या घरातून जाणार नाही, बाबा. आईनं मला माग दिला तो विकून जायला नाही दिला. एकटी राहीन... पण इथंच राहीन."

इद्रीसने टोपी काढली, आणि ती गुडघ्यावर ठेवत ते खाली बसले. लेकीसमोर रडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते जाळं शोधू लागले.

होडीचा आवाज आला तेव्हा सहलीची वेळ नव्हती. होडीत पाहुणेही नव्हते. सायगावच्या गल्लीतल्या मशिदीतले दोन वयस्कर गृहस्थ होते, मांडीवर झाकलेलं तबक घेऊन. एक किडकिडीत बाई होती, छत्री घट्ट धरून बसलेली. आणि रामली.

बाईने दोघा गृहस्थांना होडीतच थांबवलं आणि आधी स्वतः चढू लागली. चेहऱ्यावर हसू नाही. रामली तिच्या मागे, एक हात तिच्या कोपराशी. वरच्या पायऱ्यांजवळ येताच तो हलकेच म्हणाला, "आई, ही पायरी सोड. पुढचीवर पाय टाक."

बाई थबकली. तिने पायरीकडे पाहिलं, मग मुलाकडे. मग पायरी ओलांडून वर आली. तो मात्र चौथ्या पायरीवरच थांबला. बोलावल्याशिवाय वर येणं रीतीला धरून नव्हतं.

"मी नाही म्हणायला आले होते," सलाम होताच ती इद्रीसला म्हणाली. "बारा दिवस हा माझ्याशी भांडतोय; मागणीचं तबक आणि ही वडीलधारी माणसं याच्याच हट्टाने आणली. एकुलता एक मुलगा. माझ्या म्हातारपणी तो दुसऱ्याच्या घरी नेऊन सोडायचा, मला झेपेना. नाही कसं म्हणायचं, ते वाटेत जुळवत आले." तिने छत्री मिटली. "आमच्या गल्लीत शंभर खड्डे आहेत. या पोराने जन्मात मला एक दाखवला नाही. आणि तुमच्या जिन्याची कुठली पायरी निखळलीय, ते याला पाठ. हा तुमच्या घरचा झालाच आहे, भाऊ. मी आता फक्त आणून सोडायचा."

इद्रीस उठले. आतून स्वतःची चटई आणून त्यांनी तिच्यासाठी अंथरली आणि म्हणाले, "मुलगा इथं असेल तर आईची चटईही इथंच."

सारीपा मागावरून उठली. उंबऱ्याशी आली. खाली रामली टोपी हातात धरून उभा होता. बारा दिवसांत वाळला होता.

"एक उत्तर राहिलं होतं," तो म्हणाला.

इद्रीस दारात होते. त्याची आई बघत होती. होडीतले दोघे म्हातारे कान टवकारून बसले होते. सारीपाने या वेळी कुणाकडेच बघितलं नाही.

"वर ये," ती म्हणाली.

आणि तो आला, पायाखाली न बघता, तिसरी पायरी ओलांडून.